मागच्या दिव्याची परतीची वाट

आपल्या होस्टेलमध्ये गाडीवर गप्पा निघाल्या की सीसी किती, ॲव्हरेज किती, पिकअप कसा, इथूनच सुरुवात होते. मागच्या दिव्यावर कुणी बोलत नाही. साहजिकच आहे म्हणा. गाडी चालवणाऱ्याला तो कधी दिसतच नाही. तो असतो मागून येणाऱ्यासाठी. आजचा लेख या बिचाऱ्या दिव्यावर आहे, आणि तोही जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या.

पद्मिनी म्हणजे आपल्या आईवडिलांच्या पिढीची ‘फियाट’. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून इटलीच्या फियाट ११०० ची भारतीय आवृत्ती बाहेर पडू लागली. इंजिन १०८९ सीसीचे, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. पुढे सत्तरच्या दशकात हीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. मुंबईची काळी-पिवळी म्हणून ती सिनेमात अमर झाली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर टॅक्सी म्हणून रस्त्यावरून कायमची उतरली. पण मराठवाड्यात अजून एखाद्या वाड्याच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये, ज्वारीच्या पोत्यांशेजारी एखादी पद्मिनी उभी दिसते. लातूरला माझ्या मामांकडे अशीच एक होती. दिवाळीच्या सुट्टीत ती चालू करायचं आम्ही ठरवलं.

इंजिन मेकॅनिकने जागेवर आणलं. बॉडीचा गंज काढून नवा रंग मारून घेतला. राहिले मागचे दिवे. एकाची काच फुटलेली, दुसऱ्याच्या आत मुंग्यांचं वारूळ. आता कंपनीकडून नवे मिळायचा प्रश्नच नाही. अशा वेळी दोनच वाटा असतात. एक, भंगारात निघालेल्या गाडीचे जुने दिवे. त्यासाठी मुंबईचा चोरबाजार आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड प्रसिद्ध आहे. दुसरी, कुणीतरी नंतर बनवलेली नक्कल. आम्ही नक्कल आणली. स्क्रू पिळले, वायरी जोडल्या. मामा आत बसले, मी मागे उभा राहिलो. पार्किंग लाइट लावला, दोन्ही दिवे लागले. पार्किंग बंद करून ब्रेक दाबला, दोन्हीकडे उजेड आला. झालं! पेढे वाटले.

सुट्टी संपल्यावर मामा पद्मिनी घेऊन नांदेडला निघाले आणि मी मोटारसायकलवर त्यांच्या मागे. अहमदपूर सोडलं तेव्हा अंधार पडला होता. उसाचा हंगाम नुकताच सुरू झालेला. माळेगावच्या अलीकडे समोर उसाची ट्रॉली आली, जिच्या मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर, ना लाल कापड. मामांनी जोरात ब्रेक दाबला. आणि मला मागून काय दिसलं? पद्मिनीचा उजवा दिवा विझला. डावा पेटला, तोही मिणमिणता. क्षणभर मला वाटलं की गाडी डाव्या अंगाला गेली आणि उजवीकडे रस्ता मोकळा आहे. मी तिकडेच हँडल वळवलं होतं. बंपर माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावरून गेला.

खाली उतरल्यावर मामा म्हणाले, “अरे भाच्या, दिवे तर नवेकोरे आणलास की, मग असं का करायलेत?”

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर.

करंट गेला, पण परत कुठून येणार?

गाडीत बॅटरीच्या प्लस टोकापासून दिव्यापर्यंत वायर असते. परत येण्यासाठी मात्र बहुतेक ठिकाणी वेगळी वायर नसते; गाडीची लोखंडी बॉडी हाच परतीचा रस्ता. यालाच आपण ‘बॉडी अर्थ’ म्हणतो. मागच्या दिव्यातल्या डबल पॉइंट बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात. ५ वॅटचं पार्किंगसाठी, २१ वॅटचं ब्रेकसाठी. दोघांना करंट येतो वेगवेगळ्या वायरीने, पण परत जातो एकाच पितळी टोपीतून, होल्डरमधून, स्क्रूमधून बॉडीत.

आमच्या गाडीला नवा रंग होता. स्क्रूच्या भोकातसुद्धा रंग. खाली रबराचं पॅकिंग. म्हणजे उजव्या दिव्याला अर्थ मिळालेलीच नव्हती. मग घरी तो लागला कसा? खरी गंमत इथेच आहे.

पार्किंग लावलं तेव्हा ५ वॅटच्या फिलामेंटमधून आलेला करंट टोपीपाशी अडला. तिथून तो त्याच बल्बच्या २१ वॅटच्या फिलामेंटमधून उलटा ब्रेकच्या वायरीत शिरला आणि डाव्या दिव्याच्या ब्रेक फिलामेंटमधून अर्थला गेला. थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स फारच कमी असतो, त्यामुळे उजेडात फरक जाणवला नाही. नुसता ब्रेक दाबला तेव्हा उलटं झालं. करंट २१ मधून आला, ५ मधून मागे फिरला, आणि पार्किंगच्या वायरीने इतर दिव्यांमधून अर्थला पोचला. उजवीकडे पेटलं ते ब्रेकचं नव्हे, पार्किंगचं फिलामेंट. दिवसाउजेडी आम्हाला ते कळलं नाही.

दोन्ही वेळा करंटने शेजाऱ्याची वाट उसनी घेतली. रात्री मात्र पार्किंग आणि ब्रेक एकदमच लागले. दोन्ही वायरींवर १२ व्होल्ट, टोपीवरही १२ व्होल्ट. फरकच नाही, तर करंट वाहणार कसा? दिवा विझला. म्हणजे नेमकी गरज असते त्याच क्षणी!

एका ओहमची किंमत

डाव्या दिव्याला अर्थ होती, पण कशीबशी. समजा तिथे गंजाचा आणि रंगाचा मिळून फक्त १ ओहम रेझिस्टन्स आहे. गरम असताना ५ वॅटच्या फिलामेंटचा रेझिस्टन्स साधारण २८.८ ओहम आणि २१ वॅटचा ६.९ ओहम (१४४ भागिले वॅट). नुसतं पार्किंग असेल तर करंट ०.४ अँपिअर, म्हणजे अर्थमध्ये फक्त ०.४ व्होल्ट वाया. ब्रेकही दाबला की करंट १.८ अँपिअरच्या आसपास जातो आणि सुमारे १.८ व्होल्ट वाया जातात. बल्बला उरले १०.२ व्होल्ट.

आता कुणी म्हणेल, १५ टक्केच तर गेले. पण फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. कॅल्क्युलेटर काढा: १०.२ भागिले १२, घात ३.४. उत्तर ०.५७ च्या आसपास येतं. एका ओहमने जवळजवळ निम्मा उजेड खाल्ला! मल्टिमीटर ओहमवर ठेवून तपासलं तर हा दोष बऱ्याचदा हाती लागत नाही, कारण मीटर फारच कमी करंट सोडतो. म्हणून पद्धत अशी: ब्रेक दाबून ठेवायचा, मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बल्बच्या होल्डरला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं की अर्थ खराब समजा. सेकंड इयरला शिकलेला व्होल्टेज ड्रॉप तो हाच.

बसवायचं कसं

नांदेडला आल्यावर दिवे काढून पुन्हा बसवले. या वेळी घाई न करता, या क्रमाने:

१. आधी बॅटरीचा मायनस काढा. जुन्या वायरींचा मोबाइलवर फोटो घ्या आणि प्रत्येकीला चिठ्ठी बांधा. जुन्या वायरींचे रंग धुळीने सारखेच दिसतात.

२. गंजलेल्या स्क्रूवर जोर करू नका. गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा. डोकं तुटलं तर ड्रिल आलं, आणि ड्रिल आलं की नवा रंग गेला.

३. नवा दिवा आधी पॅकिंगशिवाय नुसता लावून बघा. नकलेची भोकं एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे असतातच. दिव्याचं भोक कानसीने वाढवा, गाडीच्या पत्र्याचं नको. वाकडं बसवून स्क्रू आवळला की काच तडकते.

४. प्रत्येक दिव्याच्या होल्डरपासून स्वतंत्र काळी वायर काढा. तिच्या टोकाला लग दाबून डिकीच्या आत एका बोल्टला बांधा. त्या जागेचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडा. दातेरी वायसर घाला, आवळा, आणि मग वरून व्हॅसलीन लावा. व्हॅसलीन नंतर लावायचं, आधी नाही. सगळ्या लेखातून एकच ओळ लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

५. वायरी पिळून टेप मारणं बंद करा. उन्हाळ्यात आपल्याकडे बंद डिकीत टेपचा डिंक वितळतो आणि टेप सुटते. सोल्डर करा किंवा क्रिंप करा. वायर पत्र्यातून जाते तिथे रबराची ग्रोमेट हवीच, नाहीतर कड इन्सुलेशन कापते.

६. डबल पॉइंट बल्बच्या खुंट्या एका उंचीवर नसतात. बल्ब उलटा बसू नये म्हणूनच त्या तशा केलेल्या असतात. बसत नाही म्हणून दाबून बसवला तर २१ वॅट सतत जळेल, काच तापून वाकेल आणि ब्रेक दाबल्यावर फक्त ५ वॅटची भर पडेल.

७. रबराचं पॅकिंग सगळीकडून बसवा, पण तळाचं पाणी निघायचं भोक मोकळं ठेवा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन चोपडू नका. त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि तेच पत्र्याला गंज आणतं.

एलईडी का नाही?

हा प्रश्न रूमवर पहिल्याच दिवशी निघाला. एलईडीचा एक फायदा खरा आहे. फिलामेंट तापून पूर्ण पेटायला सुमारे ०.२ सेकंद लागतात, एलईडी तत्काळ लागतो. ताशी ६० किलोमीटरला ०.२ सेकंदात मागची गाडी ३ मीटरहून जास्त पुढे येते. पण जुन्या दिव्याचा आरसा फिलामेंटच्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीचा उजेड भलतीकडे पडू शकतो. पांढऱ्या एलईडीत गडद तांबडा भाग कमी, त्यामुळे लाल काचेमागे तो फिका पडतो. घ्यायचाच तर लाल एलईडी घ्या. आणि इंडिकेटरचा जुना फ्लॅशर बल्बच्या करंटने तापून उघडझाप करतो. पुढचा-मागचा मिळून ४२ वॅट, म्हणजे साडेतीन अँपिअर. एलईडी इतका करंट घेतच नाही, मग इंडिकेटर मिचकावत नाही. फ्लॅशरही बदलावा लागतो.

शिवाय पुढचा विचार आहे. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते आणि तिच्या नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. मामांच्या गाडीला त्याला अजून अवकाश आहे, पण म्हणूनच आम्ही तिला होता होईल तेवढी मूळ रूपात ठेवली.

नक्कल घेताना आणखी एक बघा: काचेत रिफ्लेक्टरचा तुकडा आहे का? नुसती लाल काच आणि रिफ्लेक्टर यांत फरक आहे. रिफ्लेक्टरच्या आत एकमेकांना काटकोनात असलेल्या तीन पृष्ठभागांचे बारीक कोपरे असतात. उजेड कुठूनही आला तरी आला तिकडेच परत जातो. अपोलो ११ ने १९६९ साली चंद्रावर असेच शंभर कोपरे ठेवले आणि २०२३ साली आपल्या चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवरही नासाचे असे आठ कोपरे गेले. बॅटरी मेली, वायर तुटली, तरी रिफ्लेक्टर काम करतो. त्या उसाच्या ट्रॉलीला एवढं जरी असतं, तरी मामांना तसा ब्रेक मारावा लागला नसता.

शेवटची परीक्षा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात की मागचा तांबडा दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे आणि नंबर प्लेट १५ मीटरवरून वाचता आली पाहिजे. तेव्हा तपासणी दिव्यापाशी उभं राहून करू नका. रात्री एकाला आत बसवा आणि तुम्ही दोनशे पावलं मागे जा. पार्किंग, ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स हे एकेकटे लावून बघा, आणि मग जोड्या लावून बघा. पार्किंग लावून ब्रेक. ब्रेक दाबून इंडिकेटर. एकाला हात लावल्यावर दुसरा मंद झाला, विझला किंवा उगाच मिचकावला, तर समजा की करंट उसन्या वाटेने चाललाय. आम्ही घरी नेमकी हीच जोडी तपासली नव्हती.

मीटरवर आता दोन्हीकडे ०.१ व्होल्टच्या आत ड्रॉप येतो. विष्णुपुरीच्या रस्त्यावर रात्री मामांनी ब्रेक दाबला, मी दोनशे पावलांवरून बघितलं. दोन्ही दिवे सारखे, लालबुंद. मामांनी खिडकीतून ओरडून विचारलं, “दिसायलेत का रे?”

दिसले मामा. मागच्यांना आता दिसतायत.