कुलूप नसलेली विद्या : तरुणांनो, लिनक्स शिका!

मुंबईच्या कापड गिरण्यांत एके काळी अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात, म्हणजे साचाखात्यात, पाय ठेवता येत नव्हता. कारण काय, तर धागा तुटला की तो तोंड लावून धोट्यात ओवावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. साचाखात्यात पगार जास्त. आपली माणसे मात्र कमी पगाराच्या खात्यांत कोंडलेली. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. कामगारांच्या एकजुटीच्या गप्पा मारणाऱ्यांनी आधी साचाखात्याचे दार उघडावे, हा त्यांचा मुद्दा होता.

आज त्या गिरण्या राहिल्या नाहीत. पण साचाखाते संपले काय? पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत नजर टाका. प्रत्येक मोठ्या कारखान्यात एक थंडगार, बंद दाराची खोली असते. तिला सर्व्हर-रूम म्हणतात. कोणत्या गाडीला कोणता भाग बसवायचा, गोदामात किती माल शिल्लक आहे, कोणत्या कामगाराचे किती तास भरले, हे सारे हिशेब त्या खोलीतील यंत्रे ठेवतात. त्या खोलीची झाडलोट करणारा बहुधा आपला असतो. तिची किल्ली ज्याच्या हाती आहे, तो आपला आहे काय? आजच्या काळातील साचाखाते ते हेच!

या पट्ट्यात आपला समाज आला तो पोटासाठी. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि भोसरी, आकुर्डी, चिंचवडच्या माळरानावर शेड उभ्या राहिल्या. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा आणि सोलापूरकडची माणसे इकडे लोटली. दापोडी, मिलिंदनगर, विठ्ठलनगर, निगडीची ओटा स्कीम या वस्त्या त्यांच्याच घामातून वसल्या. पहिल्या पिढीतील काहींना कायम नोकरी मिळाली, पक्के घर झाले, मुले शिकली. पुढे चाकणला वाहन कारखान्यांची रांग लागली. पण तोवर खाजगीकरणाचे वारे सुटले होते. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडीच्या भाड्याच्या खोल्यांत दाटीवाटीने राहणारा आजचा तरुण ठेकेदाराचा माणूस आहे. त्याच्या गळ्यातील ओळखपत्रावर कारखान्याचे नाव असले तरी हजेरीपटावर नसते.

कायदा काय म्हणतो? १९७० साली कंत्राटी कामगार कायदा आला. १९९६ च्या एअर इंडिया निकालाने कंत्राटी पद्धत बंद झालेल्या कामावरील कामगाराला कायम होण्याची वाट दाखवली. पण २००१ साली स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती वाट बंद केली. कंत्राट बंद झाले म्हणून कामगार आपोआप कायम होणार नाही, असा तो निकाल. आम्ही कामगारांचे दावे चालवतो, म्हणून अनुभवाने सांगतो की, केवळ न्यायालयाच्या भरवशावर एक आख्खी पिढी बसवून ठेवता येणार नाही. लढा चालूच राहील. त्याच्या जोडीला हातात अशी विद्या हवी, जी ठेकेदाराला काढून घेता येणार नाही.

अशी एक विद्या आज आपल्या दाराशी उभी आहे. तिचे नाव लिनक्स.

संगणक चालतो तो एका मूळ प्रणालीवर. दुकानातून घेतलेल्या संगणकावर बहुधा विंडोज असते. ती कंपनीची मालमत्ता. आत काय आहे ते पाहण्याचा, बदलण्याचा किंवा शेजाऱ्याला वाटण्याचा अधिकार आपल्याला नाही. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी या मक्तेदारीविरुद्ध ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रणालीचा गाभा लिहून जगापुढे ठेवला आणि १९९२ साली तो ग्नूच्या परवान्याखाली खुला केला. तेच लिनक्स. आज तुमच्या खिशातील अँड्रॉइड मोबाइलच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र २०१७ पासून लिनक्सवर चालते.

वकील म्हणून आम्हाला या परवान्याचे फार अप्रूप वाटते. हा परवाना चार स्वातंत्र्ये देतो : हवी तशी वापरा, उघडून अभ्यासा, प्रती वाटा, सुधारून वाटा. अट एकच. तुम्ही सुधारून दुसऱ्याला दिलीत तर त्यालाही हीच स्वातंत्र्ये द्यावी लागतील. म्हणजे कॉपीराइटच्या कायद्याचाच आधार घेऊन विद्येला कुलूप लावण्याची मनाई केली आहे! ज्या देशात वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे ओतण्याची आज्ञा धर्मग्रंथात लिहिली गेली आणि विद्या मागणाऱ्या एकलव्याचा अंगठा कापून घेतल्याची कथा गुरुभक्ती म्हणून सांगितली गेली, त्या देशातील बहुजनांना अशा परवान्याचे मोल वेगळे समजावून सांगायला नको.

मग आपला तरुण मागे का? कारण त्याला संगणक म्हणून जे शिकवले गेले ते फार वरवरचे. महाराष्ट्रात घरोघरी एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र आहे. सरकारी नोकरीच्या अर्जाला ते लागते, म्हणून केले. वाईट काही नाही. पण त्यातून पत्र टाइप करणारा तयार होतो. यंत्र सांभाळणारा तयार होत नाही. लिनक्सचा ॲडमिन म्हणजे यंत्र सांभाळणारा.

त्याचे काम काय? सर्व्हरवर कोणाला प्रवेश द्यायचा आणि कोणाला किती अधिकार द्यायचे हे ठरवणे, नवीन आज्ञावली बसवणे, बंद पडलेली सेवा सुरू करणे, नोंदवह्या म्हणजे लॉग वाचून बिघाडाचे मूळ शोधणे आणि रोजच्या माहितीची दुसरी प्रत सुरक्षित ठेवणे. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला तीन अधिकार असतात : वाचणे, लिहिणे आणि चालवणे. ते तिघांना वेगवेगळे देता येतात : मालकाला, गटाला आणि इतरांना. या एका तक्त्यावर सर्व्हरच्या सुरक्षेचा मोठा भाग उभा आहे. तिथे अधिकार नेमणुकीने मिळतो, जन्माने नव्हे.

नेटवर्किंगही समजायला अवघड नाही. वस्तीत जसा घराला क्रमांक, तसा प्रत्येक संगणकाला आयपी पत्ता. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरातल्या घरात, खाजगी जाळ्यात वापरायचे. सबनेट मास्क सांगतो की आपल्या गल्लीतील घरे कोणती. गल्लीबाहेर जायचे असेल तर गेटवे हा नाका ओलांडावा लागतो. नावावरून पत्ता सांगतो तो डीएनएस. आलेल्या पाहुण्याला पत्ता नेमून देतो तो डीएचसीपी. भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमधील संगणक सर्व्हरशी बोलेनासा झाला तर क्रम लक्षात ठेवा. आधी केबल पाहा. मग पत्ता मिळाला आहे का पाहा. मग गेटवेला पिंग करून पाहा. मग नावाचा पत्ता लागतो का पाहा. शेवटी सर्व्हरवरची सेवा चालू आहे का पाहा. हा क्रम ज्याच्या बोटांत बसला त्याला निम्मे काम आले.

या कामाचे मोल काय, ते दोन घटनांवरून कळेल. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या घातक आज्ञावलीने जगभर थैमान घातले, तेव्हा आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले होते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम व्यवहारांच्या यंत्रणेत घुसून चोरट्यांनी ९४ कोटी रुपये लांबवले. बंदुका नाहीत, दरोडेखोर दारात नाहीत, तरी एवढे नुकसान! म्हणून यंत्र राखणाऱ्या माणसाला किंमत आहे.

शिकायचे कसे, हा खरा प्रश्न. गरिबाच्या पोराने लाखाची फी कुठून आणायची? याचे उत्तर असे की, या विद्येला लाख लागत नाहीत. लिनक्स मोफत आहे. डेबियन, उबुंटू, अल्मा, रॉकी यांपैकी कोणतेही घ्या. जुन्या, संथ झालेल्या संगणकावरही त्याची हलकी आवृत्ती चालते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे छोटे छोटे पाठ मराठी आवाजात मोफत उपलब्ध केले आहेत. इंग्रजीची भीती वाटणाऱ्याने तिथून सुरुवात करावी. आज्ञा इंग्रजी अक्षरांत आहेत खऱ्या, पण रोज लागणाऱ्या आज्ञा पन्नास-साठच. बुद्धवंदना पाठ करणाऱ्या पोराला पन्नास आज्ञा जड नाहीत.

सहा महिन्यांचा बेत असा करावा. पहिल्या महिन्यात फाइली, फोल्डर आणि अधिकार. दुसऱ्यात वापरकर्ते, सेवा आणि लॉग. तिसऱ्यात केबल, स्विच आणि आयपी पत्ते. केबलच्या आठ तारा क्रमाने लावून स्वतः क्रिम्प करायला शिका : नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. चौथ्या महिन्यात एसएसएचने दुसऱ्या यंत्रावर दुरून काम करणे आणि फायरवॉल. पाचव्यात शेल स्क्रिप्ट आणि बॅकअप. सहाव्यात स्वतःचा सर्व्हर उभा करून, मुद्दाम बिघडवून, पुन्हा उभा करणे. पुढे रेड हॅटची आरएचसीएसए परीक्षा देता येते. तिथे घोकंपट्टी चालत नाही. यंत्रासमोर बसून काम करून दाखवावे लागते. ज्याला जमले तो पास.

दोन इशारे मात्र देऊन ठेवतो. 'शंभर टक्के नोकरी'ची पाटी लावणाऱ्या क्लासला पैसे देण्यापूर्वी अटी लेखी घ्या, पावती घ्या. आणि सराव फक्त स्वतःच्या यंत्रावर करा. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीशिवाय अप्रामाणिकपणे घुसणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ व ६६ खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गंमत म्हणून केले, हा बचाव न्यायालयात चालत नाही.

एकट्याने शिकणे कठीण असते. म्हणून आमचा प्रस्ताव विहारांसाठी आहे. देहूरोडच्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्या धम्मभूमीच्या आसपास आपण राहतो. आपल्या विहारांत रविवारी वंदना होते, मग आठवडाभर दाराला कुलूप! तिथे चार जुने संगणक, एक स्विच आणि केबलचे एक वेटोळे ठेवायला काय लागते? जयंतीच्या डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात हे सारे येईल. हिंजवडीच्या कंपन्यांत काम करणारी आपली शिकलेली मुले आहेत. त्यांनी आठवड्याला दोन तास द्यावेत. समाजाचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग नाही. आणि पहिला सर्व्हर उभा राहील तेव्हा त्यावर 'लेखन आणि भाषणे'चे जे खंड सरकारने संगणकावर वाचायला खुले केले आहेत ते ठेवा. वस्तीतील कोणीही, इंटरनेट नसले तरी, विहाराच्या वायफायवर बाबासाहेब वाचू शकेल.

मुलींना या वर्गात पुढच्या रांगेत बसवा. या कामाला खांद्याची ताकद लागत नाही. लागते ती चिकाटी, आणि ती आमच्या भगिनींकडे अधिक आहे.

आयटीआय करणाऱ्यांनी 'कोपा' आणि संगणक हार्डवेअर-नेटवर्क देखभालीच्या ट्रेडचीही चौकशी करावी. शिकाऊ उमेदवारीचा १९६१ चा कायदा खाजगी कारखान्यांनाही लागू आहे, आणि त्याच्या कलम ३-अ मध्ये नेमलेल्या ट्रेडमध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखण्याची तरतूद आहे. किती जणांनी ती मागितली? कारखान्याला लेखी विचारा. उत्तर आले नाही तर ते पत्र घेऊन आमच्यासारख्यांकडे या.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. विद्या आली की जात जाते, असे आम्ही म्हणणार नाही. २००७ साली डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खाजगी कंपन्यांकडे पाठवले गेले. सवर्ण आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांशच भरली. २०२० साली अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या विभागाने सिस्को या नेटवर्किंगमधील बड्या कंपनीवर दलित अभियंत्याशी जातिभेद केल्याचा दावा दाखल केला. २०२३ मध्ये त्यातील दोन अभियंत्यांवरील वैयक्तिक दावा मागे घेतला गेला. पण त्याच वर्षी सिएटल शहराने जातिभेदाला बंदी घालणारा कायदा केला. म्हणजे जात सातासमुद्रापार सर्व्हर-रूमपर्यंत पोहोचली आहे, हे जगाला कळून चुकले. म्हणून खाजगी क्षेत्रातील आरक्षणाची मागणी आपण एक पाऊलही मागे घेता कामा नये. 'गुणवत्ता मिळवा, आरक्षण कशाला' असे सांगणाऱ्याला विचारा, आडनाव वाचून अर्ज टाकून देणाऱ्याची गुणवत्ता कोणती?

पण ज्या दिवशी ते दार उघडेल, त्या दिवशी आत जाण्यास तयार असलेली हजार मुले-मुली आपल्याकडे हवीत. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब मजूरमंत्री असताना तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्यांच्याच खात्याकडे होती. कारागिराच्या हाताला नवे तंत्र मिळाल्याशिवाय कामगाराची सुटका नाही, हे त्यांनी ओळखले होते. साचाखात्याचे दार आपल्या आजोबांसाठी बंद होते, आणि साचा चालवायला शिकण्याची सोयही त्यांना नव्हती. आजच्या साचाखात्याचे दार अजून अर्धेच उघडे आहे. पण आतले यंत्र घरी, विहारात, जुन्या संगणकावर शिकता येते. ही संधी आपल्या आजोबांना मिळाली नव्हती.

येत्या रविवारी वंदनेनंतर आपल्या विहाराच्या कार्यकारिणीपुढे हा विषय ठेवा. जयंतीची वाट पाहू नका.

जयभीम!