मेजावरची पृथ्वी

बुद्धिबळाचा डाव मांडला, की दोन्ही खेळगड्यांपुढे हेतू एकच असतो. प्रतिपक्षाच्या राजाला कोंडले, म्हणजे डाव संपला. सारीपाटातही सर्व सोंगट्या घरी पोचल्या, की फासे उचलून ठेवायचे. भातुकलीचे मात्र तसे नाही. तेथे कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. कोणी यजमानीण होते, कोणी पाहुणा होतो, आणि चुरमुऱ्यांचा भात पानोपानी वाढला जातो. मुलांनो, आता अशी एक भातुकली डोळ्यांपुढे आणा, की जिला बुद्धिबळासारखे काटेकोर नियम आहेत, सारीपाटासारखे फासे आहेत, आणि जी एका दुपारीच संपत नाही, तर वर्षानुवर्षे चालू राहू शकते. मेजाभोवती बसून, निरनिराळ्या पात्रांच्या भूमिका घेऊन खेळण्याचे असे खेळ आज जगातील अनेक देशांत खेळले जातात. त्यांना आपण भूमिकाखेळ म्हणू. अशा खेळातील दीर्घकाळ चालणाऱ्या कथेला खेळणारे ‘मोहीम’ म्हणतात.

मोहीम हा तर लष्करी शब्द! तो येथे कोठून आला? प्रशियाच्या सैन्यातील राइस्वित्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशावर युद्ध खेळण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. तीत दोन पक्ष आपापले हुकूम देत, आणि एक तटस्थ पंच फाशांच्या साहाय्याने त्या हुकुमांचा परिणाम ठरवी. पुढे अमेरिकेत हौशी मंडळी अशी युद्धे करमणुकीसाठी खेळू लागली. १९७१ च्या सुमारास डेव्ह आर्नेसन यांनी आपल्या मित्रांपैकी प्रत्येकाला संपूर्ण सैन्याऐवजी एकेका माणसाची भूमिका दिली. १९७४ मध्ये त्यांनी आणि गॅरी गायगॅक्स यांनी मिळून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पहिला छापील भूमिकाखेळ प्रसिद्ध केला. सैन्य गेले, पंच राहिला.

त्यानंतर असे खेळ पुष्कळ निघाले. बहुतेकांत जग अगदी नवे, कोणाच्या तरी कल्पनेतून उतरलेले असते. परंतु १९८७ मध्ये जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन या दोन अमेरिकन तरुणांनी जो खेळ रचला, त्याची गोष्ट निराळी आहे. त्याचे नाव ‘आर्स मॅजिका’. या लॅटिन शब्दांचा अर्थ मंत्रविद्या. या खेळाचा नकाशा आपल्याच पृथ्वीचा, त्यातही युरोपचा आहे. ऱ्हाइन नदी आहे, पॅरिस शहर आहे, आणि पुढील आवृत्त्यांत मोहीम बहुधा इ. स. १२२० मध्ये सुरू होते. राजे, धर्मगुरू, यात्रेकरू, व्यापारी सारे इतिहासातल्यासारखेच. फरक एवढाच, की त्या काळचे लोक जे जे खरे मानीत, ते ते या पृथ्वीवर अक्षरशः खरे आहे. येथे सूर्य पृथ्वीभोवती फिरतो. सर्व पदार्थ पृथ्वी, आप, तेज आणि वायू या चारच तत्त्वांचे बनलेले आहेत. रानावनांत अद्भुत योनी वास करतात. देवालयाच्या परिसरात मांत्रिकाचा मंत्र दुबळा पडतो, आणि चंद्राच्या कक्षेपलीकडे तर कोणत्याच मंत्राची सत्ता चालत नाही.

ज्याने आयुष्यभर भाषा शिकवली, त्याला या खेळातील मंत्रशास्त्र विशेष आवडावे यात नवल नाही. कारण ते मुळात व्याकरणच आहे. त्यात पाच क्रियापदे आहेत: निर्माण करणे, जाणणे, बदलणे, नष्ट करणे आणि ताब्यात ठेवणे. नामे आहेत दहा: प्राणी, पाणी, वारा, मानवी शरीर, वनस्पती, अग्नी, आभास, मन, भूमी आणि स्वतः मंत्रशक्ती. एक क्रियापद आणि एक नाम जोडले, की मंत्र सिद्ध होतो. ‘नष्ट करणे’ आणि ‘अग्नी’ यांनी वणवा विझतो. ‘जाणणे’ आणि ‘वनस्पती’ यांनी जुन्या झाडाला विचारता येते, की काल येथून कोण गेले. अशा जोड्या पन्नास होतात, आणि प्रत्येक जोडीतून किती वाक्ये रचता येतील याला गणतीच नाही.

पंचाची जागा या खेळात सूत्रधार घेतो. आपल्या जुन्या नाटकांतला सूत्रधार प्रारंभीचे काम झाले, की पडद्याआड जाई. हा मात्र अखेरपर्यंत मेजाशीच असतो. तो स्थळाचे वर्णन करतो, खेळगड्यांच्या वाट्याला न आलेल्या सर्व पात्रांच्या तोंडची भाषणे बोलतो, आणि पुन:पुन्हा एकच प्रश्न विचारतो: “आता तुम्ही काय करता?”

एक प्रसंग कल्पून पाहू. ऱ्हाइनला मिळणाऱ्या एका लहान नदीवर पाणचक्की आहे. तिचे चाक तीन दिवस फिरलेले नाही. नदीला पाणी भरपूर आहे, पण गावात पिठाची चिमूटही उरलेली नाही. गावकरी म्हणतात, नदीतला निक्स रागावला. निक्स म्हणजे जर्मन लोककथांतील एक जलवासी योनी. मांत्रिकेची भूमिका घेतलेली मुलगी तत्काळ म्हणते, “मी पाणी ताब्यात घेते आणि त्याला हुसकावून लावते!” सूत्रधाराने येथे नाही म्हणावयाचे नसते. त्याने फक्त आठवण द्यावयाची, की तिच्या संप्रदायात प्रवेश करताना तिने शपथ घेतली आहे: अशा योनींना छळणार नाही, कारण त्यांचा सूड इतर मांत्रिकांवरही उगवेल. मुलगी थांबते. मग तिचा सोबती झालेला मुलगा गावात चौकशीला जातो. मांत्रिकेने स्वतः जाऊन उपयोग नाही; तिच्या अंगच्या शक्तीमुळेच सामान्य माणसांना तिच्याविषयी अकारण संशय वाटतो, असा खेळाचा नियम आहे.

चक्कीवाल्याची म्हातारी आई सांगते, की पहिल्या पिठाची एक भाकर दरवर्षी नदीला देत असत. यंदा धर्मगुरूंनी ती प्रथा पाप म्हणून बंद पाडली. आता काय करावे? भाकर द्यावी, तर धर्मगुरूंचा शब्द मोडतो. न द्यावी, तर गाव उपाशी राहते. आणि या पृथ्वीवर म्हातारीची नदीही खरी आहे, धर्मगुरूंचा देवही खरा आहे. सूत्रधाराची खरी कसोटी येथे लागते. म्हातारीला अडाणी ठरवून तिची टिंगल करणे सोपे आहे. धर्मगुरूंना दुष्ट ठरवणे त्याहूनही सोपे आहे. यांपैकी एक जरी केले, तरी गड्यांना विचार करण्यासारखे काही उरत नाही. म्हणून सूत्रधाराने त्या काळची माणसे काय मानीत आणि का मानीत, हे इतिहासाच्या पुस्तकांतून वाचून ठेवावे लागते.

गड्यांनी मार्ग निवडला, की त्यातील अनिश्चित भाग फाशावर सोपवतात. हा फासा दहा अंकांचा असतो. आणीबाणीच्या वेळी एक पडला, तर तो पुन्हा टाकून येईल त्या अंकाची दुप्पट धरतात. शून्य पडले, तर घात होण्याची भीती असते. फासा सर्वांसमक्ष टाकावा हे बरे. काही सूत्रधार कथेचा शेवट आधीच ठरवून येतात; मग गड्यांनी कोणतीही वाट धरली, तरी नाव त्याच घाटाला लागते. असा खेळ गडी दोन-चार बैठकांत ओळखतात आणि पुढे यायचे बंद होतात.

प्रत्यक्ष इतिहासाच्या बाबतीत हा मोह अधिकच मोठा असतो. एप्रिल १२४१ मध्ये मंगोल सैन्याने पोलंडमध्ये लेग्नित्सा येथे आणि हंगेरीत मोही येथे दोनच दिवसांच्या अंतराने मोठे विजय मिळवले. १२२० मध्ये मोहीम सुरू करणाऱ्या सूत्रधाराला हे ठाऊक असते, मांत्रिकांना नसते. या खेळात वर्षाचे चार ऋतू मोजतात आणि एखादा ग्रंथ अभ्यासण्यात एक ऋतू सहज जातो, त्यामुळे एकवीस वर्षे खेळून पार करता येतात. पूर्वेकडून आलेल्या व्यापाऱ्यांच्या तोंडी सूत्रधार एखादी बातमी घालतो, आणि गडी तिचा माग काढू लागतात. एकवीस वर्षे तयारी करून त्यांनी हंगेरीच्या राजाला पराभवापासून वाचवले, तर? माझ्या मते सूत्रधाराने तो इतिहास बदलू द्यावा. पुस्तकातला निकालच लागायचा असेल, तर गड्यांना मेजाशी बोलावले कशाला? मात्र बदल झाला, की त्याची सर्व फळेही प्रामाणिकपणे दाखवावीत. वाचलेला राजा कृतज्ञच राहील असे नाही.

म्हणून सूत्रधार एक वही ठेवतो. चक्कीवाल्याचे तान्हे मूल कोणत्या वर्षी जन्मले, भाकर कोणी दिली, कोणते वचन राहून गेले, हे तीत टिपलेले असते. पात्रेही म्हातारी होतात. पस्तिशी उलटली, की दरवर्षी वार्धक्याचा फासा टाकावा लागतो, आणि औषधी मंत्रांनी मरण लांबवले, तरी ते टळत नाही. शिष्य तयार करायला पंधरा वर्षे लागतात. तेव्हा शहाणा मांत्रिक तो उद्योग वेळीच आरंभतो. या खेळात सूत्रधारपणही एकाकडेच राहावे असे नाही. एक कथा पूर्ण झाली, की वही दुसऱ्या गड्याच्या हाती जाते, आणि इतके दिवस सर्वांची भाषणे बोलणारा पहिला सूत्रधार आपल्या मांत्रिकाचा कागद काढून मेजाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसतो.