घरच्या यंत्रांचा जमाखर्च – लेखांक 6 : प्रिंटर सुटीवर जातो तेव्हा

सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव, कुठल्याही तालुक्याच्या गावी ऑक्टोबर-नोव्हेंबरात झेरॉक्सच्या दुकानापुढे गर्दी असते. हातात पिशवी, पिशवीत सातबारा, आधार, पासबुक. आधारभूत केंद्रावर धान विकायचे तर नोंदणी हवी आणि नोंदणीला कागद हवेत. जून-जुलैत हीच गर्दी विद्यार्थ्यांची होते. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपये भरून मोबाइलवर उतरवता येतो खरा, पण तो कागदावर यायला पुन्हा दुकानच गाठावे लागते. मग ‘घरीच एक प्रिंटर घेऊन टाकू’ हा विचार शिक्षकाच्या, कॉलेजात मुले असलेल्याच्या घरात येतोच.

दुकानदार पहिल्यांदा बजेट विचारतो. त्याआधी आपण दोन आकडे कागदावर मांडावेत. महिन्याला पाने किती लागतात, आणि वर्षात प्रिंटर सलग किती दिवस बंद राहणार? दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. गोंदियासारख्या जिल्ह्यात मात्र पैसे तिथेच बुडतात.

सर्वांत स्वस्त दिसतो तो छोट्या कार्ट्रिजचा इंकजेट, तीन-चार हजारांचा. याची काळी कार्ट्रिज कंपनीच्याच मोजमापाने दोनशेच्या आसपास पाने छापते. आठशे रुपयांची कार्ट्रिज धरली तर पानाला चार रुपये नुसत्या शाईचे. म्हैस स्वस्तात मिळाली आणि तणीस रोज विकत आणावी लागली, त्यातला हा व्यवहार. कंपनीही नफा यंत्रावर नव्हे, शाईवरच काढते. हा प्रिंटर घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणी भेट दिला तर गोष्ट वेगळी.

दुसरा प्रकार शाईच्या टाकीचा, ज्याला सगळे ‘इंक टँक’ म्हणतात. किंमत साधारण अकरा ते पंधरा हजार. एपसनच्या 003 या काळ्या शाईची 65 मिलिलिटरची बाटली 4,500 पाने देते, कॅननच्या जीआय-790 ची 135 मिलिलिटरची बाटली 6,000, असे कंपन्या सांगतात. बाटली साडेचारशेला मिळाली तर एपसनमध्ये शाईचा खर्च पानाला दहा पैसे पडतो. प्रत्यक्षात जास्तच, कारण कंपनीचे पान म्हणजे साधा, विरळ मजकूर. काळ्या टोनरच्या मोजणीला आयएसओ 19752 हे मानक आहे. त्यातल्या नमुना पानावर शाई साधारण पाच टक्के जागेवरच असते. पहिलीच्या मुलांसाठी ठळक अक्षरांची, चित्रांची कार्यपत्रिका काढणाऱ्या गुरुजींनी हा आकडा निम्म्यावर आणूनच हिशोब करावा.

निम्म्यावर आणला तरी शाई वीस पैशांची. आता कागद बघा. पाचशे ताव असलेला रिम तीनशे रुपयांना धरला तर एक ताव साठ पैशांचा! टँक प्रिंटर घेतला की शाईपेक्षा कागद महाग पडतो, आणि तरीही लोक शाईच्या बाटलीवर घासाघीस करतात आणि कागद एका बाजूने छापून फेकतात. दोन्ही बाजूंनी छापा. आपोआप उलटणारे यंत्र नसले तर आधी विषम पाने काढा, गठ्ठा उलटा करा आणि मग सम पाने काढा. दोन-तीनदा केले की हात बसतो. मसुद्याला पाठकोरे कागद वापरा, फक्त टाचण्या-पिना आधी काढून. पिन आत गेली की रोलर गेला.

आता पानांचा हिशोब. यंत्र बारा हजारांचे, पाच वर्षे चालेल असे मानले तर महिन्याला दोनशे रुपये त्याचेच झाले. घरचे पान कागद-शाईसह ऐंशी पैशांना पडले आणि बाजारात प्रिंटचे पाच रुपये घेत असतील, तर महिन्याला पन्नास पाने छापली की बरोबरी होते. त्याहून कमी असतील तर दुकानच स्वस्त. शिवाय एकाच पानाच्या तीस प्रती हव्या असतील तर मूळ प्रत घरी काढून बाकीची झेरॉक्स मारावी. झेरॉक्सचा दर दोन रुपयांच्या आसपास असतो, त्या दराशी स्पर्धा करायला महिन्याला दीडशेच्या वर पाने लागतात.

आता त्या दुसऱ्या आकड्याकडे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, बाकी महाराष्ट्रापेक्षा दहा-पंधरा दिवस उशिरा. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. त्या काळात घर बंद, सगळे मामाच्या गावी, आणि टेबलावर प्रिंटर. हेडच्या छिद्रांतली शाई वाळते. परत आल्यावर पानावर पांढऱ्या रेघा येतात. मग हेड क्लीनिंग, पुन्हा हेड क्लीनिंग. प्रत्येक वेळी शाई ओढली जाते आणि यंत्राच्या तळाशी असलेल्या शोषक पॅडमध्ये जाते. ते पॅड भरले की प्रिंटर चक्क अडून बसतो आणि मेकॅनिककडे न्यावा लागतो.

यावर उपाय साधा आहे. आठवड्यातून एक रंगीत पान छापा, घर बंद राहणार असेल तर शेजाऱ्याला सांगून ठेवा. आणि प्रिंटर बंद करायचा तो त्याच्याच बटणाने, भिंतीवरच्या बोर्डावरून नव्हे. त्याच्या बटणाने बंद केला की हेड कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसते आणि शाई झाकली जाते. बोर्डावरून किंवा भारनियमनाने वीज छपाईच्या मध्येच गेली तर हेड उघडेच राहते. म्हणून वीज आली की प्रिंटर एकदा चालू करून नीट बंद करावा, नंतर वापरायचा नसला तरी.

खरेदी करताना हेडचाही विचार करा. एपसनच्या टँक यंत्रांत हेड कायमचे बसवलेले असते. गेले तर खर्च मोठा. कॅननच्या जी मालिकेत आणि एचपीच्या बऱ्याच इंक टँकमध्ये ते ग्राहकाला स्वतः बदलता येते. खंड जास्त पडणार असेल तर मी दुसरा प्रकार निवडेन.

रंग लागतच नसेल तर मात्र लेझरकडे वळावे. टोनर ही प्लास्टिकची भुकटी. ती उष्णतेने कागदावर वितळवून चिकटवली जाते. वाळण्याचा प्रश्नच नाही. दोन महिन्यांनी चालू करा, पहिले पान स्वच्छ. पावसात भिजलेल्या अर्जावरचा मजकूरही पसरत नाही. साध्या डाय शाईचा पसरतो. कचेऱ्यांत वर्षानुवर्षे दिसणाऱ्या एचपी 1020 ची 12ए कार्ट्रिज 2,000 पानांची, आणि तिचीच जुळी बहीण कॅननच्या 2900 मध्ये बसते. त्यात नवल नाही, 1984 च्या पहिल्या लेझरजेटचे आतले यंत्र कॅननचेच होते. नव्या लेझरसोबत डब्यात येणारे टोनर मात्र अनेकदा अर्धवट भरलेले असते, विचारून घ्या.

मागच्या लेखात इन्व्हर्टर पाहिला, त्याच्याशी इथे गाठ पडते. टँक प्रिंटर छापताना दहा-पंधरा वॉट खातो, इन्व्हर्टरवर बिनधास्त चालवा. लेझर तापताना काही सेकंद कित्येक शे वॉट ओढतो; त्याला छोट्या यूपीएसवर लावू नका.

रिफिलबद्दल नेहमी विचारणा होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये लेक्समार्कच्या खटल्यात ठरवले की विकलेल्या कार्ट्रिजवर कंपनीचा पेटंटहक्क उरत नाही. तरी चिप लावून बाहेरची कार्ट्रिज नाकारणारी यंत्रे बाजारात आहेतच. जुन्या लेझरचे टोनर जरूर भरून घ्या. टँकमध्ये मात्र कंपनीचीच शाई टाका. दहा पैशांत वाचवायचे ते काय आणि त्यासाठी हेड का पणाला लावायचे?

राईस मिलजवळ राहणाऱ्यांनी मागून कागद लावायचा उघडा ट्रे झाकून ठेवावा, कोंड्याची बारीक धूळ थेट रोलरवर बसते. पावसाळ्यात उघडलेला रिम प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा. दमट कागद अडकतो.

आणि पैसे देण्याआधी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करून गोंदियात दुरुस्ती होते की यंत्र नागपूरला न्यावे लागते, हे विचारा. रेल्वेने ते अंतर सुमारे 130 किलोमीटर आहे. उत्तर नागपूर असेल तर घरी येऊन सेवा देणारेच मॉडेल घ्या, हजार रुपये जास्त गेले तरी चालेल.

पुढच्या आठवड्यात : मिक्सरची मोटर आणि व्होल्टेज.