एकच माती, मधे सीमा

बोरीत बसलो आहोत, तेव्हा सुरुवात पायाखालच्या मातीपासूनच करू.

मराठवाडा मागे का राहिला, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: पाऊस बेभरवशाचा, शेती कोरडवाहू. तर्कशास्त्र शिकवताना आम्ही एक सांगत असू, की कारण पक्कं करण्याआधी तेच कारण असूनही परिणाम वेगळा झाला, असं उदाहरण शोधावं. ते आपल्या शेजारीच आहे. जिल्ह्याच्या उत्तरेला बुलढाणा, म्हणजे वऱ्हाड. तीच बेसॉल्टची काळी माती, तोच ओल धरून ठेवणारा थर, तोच कापूस.

फरक पडला तो सीमेमुळे. कंपनीच्या देण्यापोटी १८५३ च्या तहाने निजामाचं वऱ्हाड इंग्रजी कारभारात गेलं. परभणी हैदराबाद संस्थानातच राहिली. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं. दक्षिणेकडच्या राज्यांचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवासा झाला. १८६७ पर्यंत रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. युद्ध संपलं, भाव उतरले, पण रूळ राहिले. खामगाव, अकोला, अमरावती या कापसाच्या मोठ्या पेठा झाल्या.

आपल्याकडे गाडी आली ती १९०० च्या सुमारास, मनमाड-सिकंदराबाद मार्गाने. तीही मीटरगेज! मुंबईचा माल मनमाडला उतरवायचा आणि ब्रॉडगेजच्या डब्यात पुन्हा भरायचा. हा मार्ग रुंद व्हायला १९९० चं दशक उजाडलं. त्यात संस्थानची करोडगिरी, म्हणजे सीमेवरची जकात, आणि चलनही वेगळं: सात हाली रुपयांना सहा कलदार. म्हणजे माल सीमेपलीकडे न्यायचा तर वाटेत खर्च आणि खोळंबा होताच.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. पूर्णेवर येलदरीचं धरण झालं, १९७२ मध्ये परभणीत कृषी विद्यापीठ आलं. हे मोठंच काम होतं.

पण मग वऱ्हाडचा शेतकरी सुखी झाला का? नाही. पेठ आली, तसा सावकारही आला. आणि शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या आज दोन्हीकडून येतात. म्हणजे रेल्वे हवीच, पण तेवढ्याने भागत नाही. कापसाची रुई होते, रुईचं सूत, सुताचं कापड. दर पायरीला किंमत वाढते, आणि वरच्या पायऱ्यांवरची बरीचशी कमाई गावाबाहेर जाते. मागोमाग आपली पोरंही पुण्याला जातात.

म्हणून मातीला बोल लावू नये. माती बदलता येत नाही. रस्ते, कारखाने, कायदे माणसं करतात आणि माणसंच बदलतात. पुढच्या वेळी कुणी मत मागायला आलं, की आपण एवढंच विचारू: आमच्या कापसाचं सूत आमच्या तालुक्यात कधी निघणार?