विश्वास कमी पडला म्हणून?

परीक्षा तोंडावर आलीय, पुस्तक समोर उघडं आहे आणि तासाभरात एक ओळही डोक्यात शिरलेली नाही. रात्री झोप लागत नाही, सकाळी उठावंसं वाटत नाही. तुम्ही शिरोळ तालुक्यातले असाल, तर यात आणखी एक भर पडते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेचं पाणी घरात शिरलेलं ज्यांनी शाळकरी वयात पाहिलं, त्यांतले कित्येक जण आज कॉलेजात आहेत. पावसाचा जोर वाढला की छातीत धडधडतं, ते उगाच नाही.

अशा वेळी ख्रिस्ती घरात सल्ला मिळतो, ‘प्रार्थना कर, विश्वास ठेव.’ बोलणं मायेचंच असतं. पण प्रार्थना करूनही मन उभारी धरत नाही, तेव्हा दुखण्यावर अपराधीपणाचं ओझं चढतं. माझाच विश्वास कमी पडला का?

बायबल उघडून बघा. एलीया हा केवढा मोठा संदेष्टा! पण राणी ईजबेलनं जिवे मारण्याची धमकी दिल्यावर तो रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि ‘आता जगणं पुरे’ असं देवाला सांगून मोकळा होतो. देव त्याला रागावत नाही. एलीया झोपी जातो. देवदूत त्याला उठवून भाकर आणि पाणी देतो. तो खातो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा खायला घालतो, आणि पुढच्या प्रवासाचं बोलणं तेव्हा कुठे निघतं. पुढे अलीशाच्या रूपानं त्याला सोबतीही मिळतो. स्तोत्रसंहितेतलं ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. म्हणजे खचलेल्या मनानं केलेली तक्रार ही प्रार्थनाच.

मग डॉक्टरकडे जावं का? अंकलीचा पूल ओलांडून मिरजेला गेलात की उत्तर सापडेल. मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथं रुग्णालय उभारलं. प्रार्थना आणि ऑपरेशन एकाच छपराखाली नांदू शकतात, हे या भागानं तेव्हापासून पाहिलंय. मोडलेल्या हाडाला प्लास्टर चालतं, तर मनासाठी समुपदेशन आणि डॉक्टरांनी सांगितल्यास गोळ्या का चालू नयेत?

झोप, भूक, अभ्यास दोन आठवडे बिघडलेलाच राहिला, तर भरवशाच्या माणसाला सांगा. घरचे, सर-मॅडम, पाळक, कुणीही. ‘टेलि-मानस’ ही सरकारची मोफत सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास सुरू असते आणि मराठीतही बोलता येतं. जगणंच नकोसं वाटत असेल, तर दोन आठवडे थांबू नका, आत्ताच फोन करा.

आणि खचलेला मित्र तुमच्याशी बोलायला आला, तर लगेच वचनं ऐकवू नका. आधी विचारा, ‘जेवलास का?’ मग शेजारी बसा.