सहकुटुंब जलप्रवासाची पूर्वतयारी

आगगाडीच्या प्रवासात एखादी वस्तू विसरली, तर ती पुढच्या स्थानकावर मिळू शकते. समुद्रावर असे स्थानक नसते. म्हणून जलप्रवासाची बहुतेक सिद्धता जमिनीवरच करावी लागते. कोचीहून लक्षद्वीपला जाणाऱ्या आगबोटीचे उदाहरण घेऊन आम्ही ती येथे क्रमाने सांगत आहोत.

प्रथम परवाना, मग तिकीट. या बेटांवर जाण्यासाठी बाहेरच्या भारतीय नागरिकांसही प्रशासनाचा परवाना लागतो. १९६७ पासून तसा नियम आहे. घरातील एकाचेही कागद अपुरे राहिले, तर साऱ्या कुटुंबाचा बेत अडतो.

पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो. सबब ऑक्टोबर ते मे हा काळ निवडावा. बेटाच्या अंतराप्रमाणे प्रवासास सुमारे १४ ते १८ तास लागतात. ज्यांना बोट लागते, त्यांच्यासाठी मध्यभागी व खालच्या मजल्यावर जागा मागावी. फळीवरचा झोका टोकाशी अधिक जाणवतो, मध्ये कमी. बोटीचेही तसेच आहे. औषध डॉक्टरांना विचारून, मळमळ सुरू होण्यापूर्वीच घ्यावे.

बेटांभोवती प्रवाळाचे खडक आहेत. त्यामुळे अनेक ठिकाणी आगबोट खोल पाण्यात थांबते व उतारू लहान होडीतून किनाऱ्यास लागतात. तेव्हा सामान एका हाताने उचलेल इतकेच असावे. आजी-आजोबांना हलत्या होडीत उतरणे झेपेल काय, हे तिकीट काढण्यापूर्वीच पाहावे.

बोटीवर चढताच प्राणरक्षक जाकिटे कोठे आहेत व संकटसमयी कोठे जमावयाचे, हे सर्वांनी पाहून घ्यावे. सात आखूड व एक दीर्घ भोंगा ही धोक्याची खूण होय. हा सराव कंटाळवाणा वाटतो. परंतु १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही प्रचंड बोट खडकावर आदळली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो उतारूंचा सराव झालेलाच नव्हता. त्या अपघातात ३२ माणसे दगावली. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला : मोठ्या प्रवासात नव्या उतारूंचा सराव बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच झाला पाहिजे.

म्हणून भोंगा झाल्यास कोणत्या मुलाचा हात कोणी धरावयाचा, हे प्रत्येक कुटुंबाने आधीच ठरवून ठेवावे. एवढे झाले की मग कठड्याशी उभे राहून निळ्या पाण्याकडे खुशाल पाहत बसावे.