मिसिसिपी जॉन हर्ट : विस्मृती आणि पुनर्शोध

ब्लूज ही अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय श्रमिकांच्या जीवनातून उदयास आलेली गायनपरंपरा होय. तिच्यातील ख्यातनाम गायक व गिटारवादक जॉन हर्ट यांचे बहुतेक आयुष्य मिसिसिपी राज्यातील अ‍ॅव्हलॉन या खेड्यात शेतीकामात गेले. गिटारवादन ते स्वतःच शिकले. अंगठ्याने खर्जाचा ठेका धरून उरलेल्या बोटांनी सुरावट वाजविणे आणि मृदू स्वरात गाणे, ही त्यांच्या शैलीची वैशिष्ट्ये होत.

१९२८ मध्ये ओके कंपनीने मेम्फिस व न्यूयॉर्क येथे त्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली. तथापि तबकड्यांचा खप अल्प झाला. पाठोपाठ आलेल्या महामंदीत ध्वनिमुद्रण व्यवसायच कोसळला आणि हर्ट विस्मृतीत गेले.

'अ‍ॅव्हलॉन ब्लूज' या गीतात मात्र त्यांनी आपल्या गावाचा उल्लेख केला होता. त्याच आधारे १९६३ मध्ये टॉम हॉस्किन्स या संगीतप्रेमीने त्यांचा शोध लावला. त्याच वर्षी न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात त्यांचे गायन झाले. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले. म्हणजे कीर्तीचा काळ जेमतेम तीन वर्षांचा ठरला.

बाजारात अयशस्वी ठरलेली तबकडीही कलावंताच्या कार्याचा पुरावा जपून ठेवते, हे या चरित्रावरून स्पष्ट होते. लोककलावंतांच्या ध्वनिमुद्रणांचे जतन म्हणूनच अगत्याचे आहे.